दुसऱ्या अल्बमचा प्रश्न : मुंबईतील हेवी मेटल संगीत आणि 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या संगीतेतिहासाचे लेखन ज्या चौकटीत झाले, त्या चौकटीत नाट्यसंगीत, लावणी, पोवाडा, भजन, भावगीत आणि चित्रपटगीत यांना मानाचे स्थान मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलित शाहिरी आणि आदिवासी संगीत यांचाही अभ्यास होऊ लागला व ही चौकट काहीशी रुंदावली. परंतु मुंबईत इंग्रजी भाषेत निर्माण झालेले संगीत तिच्या बाहेरच राहिले. ते परके, उसने व मूठभरांचे आहे, असे गृहीत धरण्यात आले. गृहीतकाची तपासणी न करता विषय वगळणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. प्रस्तुत लेखात मुंबईतील 'डेमॉनिक रिझरेक्शन' या हेवी मेटल बँडच्या दुसऱ्या अल्बमच्या, म्हणजे २००५ मध्ये प्रकाशित झालेल्या 'अ डार्कनेस डिसेंड्स'च्या निमित्ताने या संगीताच्या निर्मितीमागील भौतिक परिस्थितीचा विचार केला आहे.

'बँड' हा शब्द उच्चारताच शहापूर-मुरबाड परिसरातील वाचकाच्या मनात लग्नाच्या वरातीपुढे चालणारे पितळी वाद्यांचे पथक उभे राहते. हे स्वाभाविक आहे. त्या पथकांचा इतिहासही दीर्घकाळ दुर्लक्षितच होता. ग्रेगरी बूथ यांचा भारतीय लग्न-बँडवरील 'ब्रास बाजा' हा ग्रंथ २००५ मध्येच प्रसिद्ध झाला. एकाच वर्षी घडलेल्या या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. मात्र दोन्ही प्रकारचे वादक संगीतविषयक प्रतिष्ठित लेखनाच्या बाहेर होते, एवढे साम्य नोंदवावे लागते.

धातूच्या कारखान्यातून आलेला नाद

हेवी मेटल या प्रकाराचा आरंभ सामान्यतः इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरातील 'ब्लॅक सॅबथ' या बँडपासून मानला जातो. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचे काम नेमके याच हाताकडे होते. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली. पुढे त्याने तारा सैल करून त्या खालच्या स्वरात लावल्या, आणि त्यातून जड, खर्जातला नाद अधिकच गडद झाला. एका कामगाराच्या अपघाताचा एका संगीतप्रकाराच्या नादाशी इतका थेट संबंध असल्याची उदाहरणे संगीताच्या इतिहासात क्वचितच सापडतील. गिरणगावाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना या संगीताचे मूळ अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. त्याचे बहुतेक ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकले होते. दुसरा अल्बम 'पॅरानॉइड' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. त्याचे शीर्षकगीत जागा भरण्यासाठी ऐनवेळी रचलेले होते, आणि तेच सर्वाधिक गाजले. अल्बमचे आधी ठरलेले नाव वेगळे होते; ते कंपनीने बदलले. अमेरिकेतील 'मेटॅलिका' या बँडचा दुसरा अल्बम 'राइड द लायटनिंग' १९८४ मध्ये आला. त्याच्या ध्वनिमुद्रणासाठी हे तरुण डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे गेले. तत्पूर्वी बोस्टन येथे त्यांची वाद्यसामग्री चोरीस गेली होती, आणि त्या निराशेची छाया त्यातील एका गीतावर पडली.

ही दोन उदाहरणे येथे देण्यास कारण आहे. पहिल्या अल्बममध्ये बँड आपली अनेक वर्षांची शिदोरी रिती करतो. तेथे उत्साह पुरेसा असतो. दुसऱ्या अल्बमसाठी नवी रचना लागते, टिकून राहिलेले वादक लागतात, पैसा लागतो, आणि पहिल्यातील उणिवा समजल्याचा पुरावा द्यावा लागतो. पाश्चात्त्य देशांत या टप्प्यावर कंपनी उभी असते. ती नाव बदलते, मुदत घालते, कधी जाचही करते. पण ती असते. भारतात ती नसेल तर काय होते, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

मुंबईची पूर्वपीठिका

मुंबईत कंपनीच्या आधाराने दुसऱ्या अल्बमपर्यंत पोचलेल्या रॉक बँडचे ठळक उदाहरण म्हणजे 'रॉक मशीन'. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या बँडच्या संस्थापकांत गिटारवादक महेश तिनईकर होते. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आले. त्यांचा पहिला अल्बम १९८८ मध्ये आणि दुसरा, 'द सेकंड कमिंग', १९९० मध्ये प्रकाशित झाला. परदेशी गाण्यांच्या नकला वाजवणे हाच ज्या काळात रॉक बँडचा धर्म समजला जात होता, त्या काळात या बँडने स्वतःच्या रचनांचा आग्रह धरला, ही बाब महत्त्वाची आहे. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले आणि १९९७ च्या सुमारास बँड थांबला. तो २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. रॉक मशीनचे संगीत हार्ड रॉक या सौम्यतर प्रकारात मोडते. त्याला कंपनी मिळाली, याचे एक कारण हेही असावे.

दरम्यान ध्वनिफितींच्या क्रांतीने संगीताचा बाजार पालटला होता. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखविल्याप्रमाणे, स्वस्त कॅसेटमुळे ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक व धार्मिक संगीताला बाजार मिळाला. ग्रामीण ठाण्यात ही क्रांती भीमगीते, भजने आणि कोळीगीते यांच्या रूपाने पोचली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ज्या कॅसेटमधून वाडीवस्तीवर पोचला, त्याच कोऱ्या कॅसेटवर मुंबईतील महाविद्यालयीन मुले परदेशी मेटल अल्बमच्या नकला करून एकमेकांना देत होती. तंत्र एकच, पण बाजारपेठा दोन. लोकगीतांना त्या तंत्राने व्यवसाय दिला. मेटलला मात्र केवळ श्रोते मिळाले, कारण देवाणघेवाण बहुतांशी फुकट होती.

१९९१ नंतर उपग्रह दूरचित्रवाणी आणि १९९५ पासून सर्वसामान्यांसाठी खुले झालेले इंटरनेट यांनी श्रोत्यांची संख्या वाढवली. अलाहाबादहून १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल' या नियतकालिकाने देशभर विखुरलेल्या श्रोत्यांना एकमेकांची ओळख करून दिली. अशा नियतकालिकाचा जन्म मुंबई वा दिल्लीऐवजी अलाहाबादला व्हावा, ही गोष्ट 'महानगरी मूठभरांचे संगीत' या समजुतीला छेद देते.

जाहीर कार्यक्रमांचे केंद्र धोबी तलाव येथील रंगभवन हे खुले नाट्यगृह होते. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव येथेच रुजला. परंतु रंगभवनाच्या आसपास रुग्णालये, न्यायालय आणि महाविद्यालय होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये अशा ठिकाणांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर त्या काळी शांतता क्षेत्र ठरत असे. या नियमांच्या अंमलबजावणीमुळे नव्या शतकाच्या आरंभी तेथील मोठे कार्यक्रम बंद पडले. आज हळदीच्या रात्री डीजे बंद करण्यासाठी पोलीस जे नियम दाखवतात, ते हेच. रुग्णाच्या झोपेचा हक्क श्रोत्याच्या हौसेपेक्षा मोठा आहे, याबद्दल दुमत नसावे. तथापि रंगभवनाला पर्यायी जागा देण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही, आणि एका पिढीचे व्यासपीठ गेले. डेमॉनिक रिझरेक्शनची पहिली पाच वर्षे नेमकी या पोकळीत गेली.

'अ डार्कनेस डिसेंड्स'

साहिल मखिजा या तरुण गायक-गिटारवादकाने २००० मध्ये मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शनची स्थापना केली. त्याच वर्षी 'डेमनस्टीलर' हा पहिला अल्बम आला, आणि तेच पुढे मखिजा यांचे रंगमंचावरील नाव झाले. दुसऱ्या अल्बमला पाच वर्षे लागली. ब्लॅक सॅबथला जे अंतर कापण्यास सात महिने लागले, त्याला मुंबईत पाच वर्षे का लागावीत?

पहिले कारण मनुष्यबळाचे आहे. या काळात बँडमधील वादक वारंवार बदलले. भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबात अशा वादनाला छंद म्हणून विशिष्ट वयापर्यंत मुभा असते. पदवी, नोकरी किंवा परदेशी शिक्षण यांपैकी काहीतरी समोर येते आणि वादक निघून जातो. नवा वादक आला की जुन्या रचना त्याला शिकवाव्या लागतात, आणि नव्या रचनांचे काम लांबते. मेटलमध्ये ही अडचण अधिक तीव्र असते. दोन्ही पायांनी वेगाने बेस ड्रम वाजवू शकणारा वादक एका शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच असतो. त्यामुळे एकच ड्रमवादक दोन-तीन बँडमध्ये वाजवीत असल्याचे मुंबईत दिसून येते.

दुसरे कारण ध्वनिमुद्रणाच्या स्वरूपात आहे. या बँडची शैली ब्लॅक मेटल व डेथ मेटल यांच्या मिश्रणाची असून तिला कीबोर्डच्या साहाय्याने वाद्यवृंदाचा भव्य आभास दिलेला असतो. अशा संगीताचे ध्वनिमुद्रण थरांनी होते. प्रथम ठरावीक लयीच्या ठोक्यावर ड्रम मुद्रित केले जातात. त्यावर तीच गिटार किमान दोनदा स्वतंत्रपणे वाजवून एक थर डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवला जातो. दोन वादनांतील सूक्ष्म फरकामुळेच भिंतीसारखा जाड नाद तयार होतो. त्यानंतर बेस, कीबोर्ड आणि शेवटी कंठ. कंठाचेही दोन प्रकार : घशातून काढलेला गुरगुरता स्वर आणि मोकळे गायन. हा गुरगुरता स्वर म्हणजे नुसते ओरडणे नव्हे. चुकीच्या पद्धतीने काढल्यास स्वरयंत्रास इजा होते, म्हणून श्वासाचे नियंत्रण शिकावे लागते. सगळे थर मुद्रित झाल्यावर खरी कसोटी लागते. वेगवान बेस ड्रम, खर्जातील गिटार आणि बेस हे तिन्ही एकाच स्वरपट्ट्यात दाटी करतात. प्रत्येकाला जागा करून दिली नाही तर सारा चिखल होतो.

मुंबईत चित्रपटसंगीतासाठी जगातील उत्तम स्टुडिओ आणि निष्णात ध्वनिमुद्रक उपलब्ध होते. पण त्यांची घडण गायकाचा आवाज पुढे आणि वाद्ये मागे, या तत्त्वावर झालेली होती. मेटलमध्ये कंठ हे इतर वाद्यांच्या बरोबरीचे वाद्य असते. शिवाय स्टुडिओचे तासावर आकारले जाणारे भाडे जाहिरातपट किंवा चित्रपट यांना परवडे, महाविद्यालयीन मुलांना नव्हे. नव्या शतकात संगणकावर ध्वनिमुद्रण करणे शक्य झाले, आणि या कोंडीतून वाट निघाली. ध्वनिमुद्रणाची कला वादकांनी स्वतःच, चुका करीत, आत्मसात केली. मखिजा पुढे मुंबईतील इतर मेटल बँडचे ध्वनिमुद्रणही करू लागले. एका अल्बमच्या गरजेतून शिकलेले तंत्र असे एका छोट्या समूहाची सामायिक पुंजी झाले.

तिसरा मुद्दा प्रकाशनाचा. कोणतीही प्रस्थापित कंपनी असे संगीत घेणार नव्हती, म्हणून मखिजा यांनी 'डेमनस्टीलर रेकॉर्ड्स' ही स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली आणि 'अ डार्कनेस डिसेंड्स' तिच्यामार्फत आणला. पुढे या संस्थेने अन्य भारतीय मेटल बँडचे अल्बम काढले आणि परदेशी अल्बमही भारतात उपलब्ध करून दिले. मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. प्रकाशक मिळत नाही म्हणून स्वतःच प्रकाशक होणे, हा आपल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीचा साठच्या दशकातील मार्ग होता. तेथे सायक्लोस्टाइल यंत्र होते, येथे संगणक आणि सीडी. साहित्यातील त्या चळवळीवर आज प्रबंध लिहिले जातात. संगीतातील या प्रयत्नाला अद्याप विद्यापीठीय वाचक मिळालेला नाही.

आशयाबद्दल थोडे. अंधार, राक्षस, विनाश ही या संगीताची नेहमीची प्रतिमासृष्टी आहे. नॉर्वेत १९९२ पासून ब्लॅक मेटलशी संबंधित काही तरुणांनी चर्च जाळल्याच्या घटना घडल्या आणि या प्रतिमांना तेथे गुन्हेगारीची काळी किनार लागली. ख्रिस्ती संस्कृतीत सैतान हा ईश्वराचा निरपवाद शत्रू असल्यामुळे त्याचे नाव घेणे हेच बंड ठरते. मुंबईतील बँडच्या हाती या प्रतिमा आल्या तेव्हा त्यांचा अर्थ तसाच राहणे शक्य नव्हते. बळीचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा दिवाळीत ओवाळताना व्यक्त करणाऱ्या समाजात असुर हा सरळ सरळ खलनायक नसतो. 'अ डार्कनेस डिसेंड्स'मध्ये ही जाणीव फारशी दिसत नाही. त्याची प्रतिमासृष्टी युरोपीयच आहे आणि ती त्याची मर्यादा मानावी लागेल. मात्र हाच बँड २०१७ मध्ये 'दशावतार' हा अल्बम काढतो आणि एकेका अवतारावर एकेक गीत रचतो, तेव्हा उसन्या प्रतिमांपासून सुरू झालेला प्रवास कोठे वळला हे कळते. कोकणातील दशावतारी नाटकात संकासुर रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना हसवतो, याची आठवण येथे व्हावी.

वीज आणि भूगोल

दुसऱ्या अल्बमच्या निर्मितीची चर्चा विजेच्या उल्लेखाशिवाय अपुरी राहील. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात विजेची तूट तीव्र होती. ग्रामीण भागात दररोज अनेक तासांचे भारनियमन होते, तर मुंबई शहर स्वतंत्र वीजव्यवस्थेमुळे त्यातून मुख्यत्वे मुक्त होते. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याने त्या वर्षी संगणकावर ध्वनिमुद्रण करायचे ठरवले असते, तर थरावर थर रचण्याआधीच पडदा काळा झाला असता. संगणक, विद्युत गिटार, अॅम्प्लिफायर, मायक्रोफोन हे सर्व अखंड विजेवर चालते. या तालुक्यांतील तारपा, सनई, ढोल आणि संबळ यांना विजेची गरज नाही. येथील वाद्यपरंपरा टिकण्याचे कारण केवळ श्रद्धेत आणि सामाजिक रूढीत शोधले जाते, पण त्यात विजेच्या अभावाचाही वाटा असण्याची शक्यता तपासण्यासारखी आहे. जनरेटर आल्यावर बेंजो पार्टी आणि डीजे यांनी लग्नसमारंभात किती वेगाने शिरकाव केला, हे पाहता ही शंका अनाठायी वाटत नाही.

शहापूर तालुक्यातील तानसा जलाशय १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवतो. पुढे भातसाचीही भर पडली. मुंबईच्या कोणत्याही सराव खोलीत तहानलेला वादक जे पाणी पितो, ते बहुधा याच परिसरातले असते. उलट दिशेने मात्र तेथील संगीत, त्याचे नियतकालिक, त्याच्या सीडी आसनगाव-कसाऱ्यापर्यंत आल्याचे फारसे दिसत नाही, आणि रेल्वे नसलेल्या मुरबाडचा तर प्रश्नच नव्हता. सीडी मुख्यतः कार्यक्रमस्थळी आणि मोजक्या दुकानांत विकल्या जात. कसाऱ्याकडे जाणारी शेवटची लोकल गाठायची असेल तर रात्रीचा कार्यक्रम अर्ध्यावर सोडावा लागे. श्रोत्यांचा वर्ग कोणता, हे ठरविण्यात अभिरुचीइतकाच वेळापत्रकाचाही हात असतो.

नंतरचे

'अ डार्कनेस डिसेंड्स' हा तीन भागांच्या मालिकेचा पहिला भाग ठरला. मालिकेचा शेवट २०१० मधील 'द रिटर्न टू डार्कनेस' या अल्बमने झाला. तो परदेशात कँडललाइट रेकॉर्ड्स या कंपनीमार्फत प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी लंडनच्या 'मेटल हॅमर' या मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा गोल्डन गॉड्स पुरस्कार बँडला मिळाला. दरम्यान मार्च २००७ मध्ये बेंगळुरू येथे 'आयर्न मेडन'चा भारतातील पहिला कार्यक्रम झाला होता, आणि भारतात या संगीताला श्रोते आहेत हे जगाच्या ध्यानात आले होते. या दोन्ही गोष्टींचे वृत्तपत्रांनी कौतुक केले. २००५ च्या अल्बमचे असे कौतुक झाले नव्हते. परदेशी शिक्का उमटल्यावरच दखल घेण्याची ही सवय जुनीच आहे.

अभ्यासकापुढील अडचण आता वेगळ्या प्रकारची आहे. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि शहापूरच्या विद्यार्थ्यालाही हे संगीत हातात मिळू लागले. गाणी ऐकायला मिळतात, पण सीडीसोबतची पुस्तिका मिळत नाही. कोणी काय वाजवले, ध्वनिमुद्रण कोठे झाले, आभार कोणाचे मानले, ही सर्व माहिती त्या चार-सहा पानांत असते. रंगभवनातील कार्यक्रमांची हस्तपत्रके, तिकिटे, सरावाच्या कॅसेट यांची अवस्था याहून वाईट आहे. ती सर्व खासगी घरांत आहेत आणि त्या घरांतील मुले आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. चुंबकीय फीत दमट हवेत बुरशी धरते. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांनी आपापल्या जुन्या महोत्सवांची कागदपत्रे आणि ध्वनिफिती यांची साधी यादी केली, तरी मौखिक इतिहासाच्या मुलाखतींना आधार मिळेल. हे काम एखाद्या लघुसंशोधन प्रकल्पाच्या आवाक्यातले आहे. त्याची सुरुवात ग्रंथालयातील जुन्या वार्षिकांकांपासून करता येईल. त्या अंकांत 'सांस्कृतिक विभाग' या मथळ्याखाली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतील बँडची नावे अनेकदा छापलेली असतात.